पोचल्यावर उसवायचा दोरा

४ जानेवारी २०२५

त्रिंबकनं डायरी दिली. बीडात माझ्या रेडिएटरच्या दुकानाला लागून त्याचं बॅटरीचं दुकान; तिथं कंपनीकडून दरसाली डायऱ्या येतात, सोयऱ्याधायऱ्यांना वाटून उरली की मला. आजवर मी तिच्यात रेडिएटरची मापं लिहीत आलो. औंदा म्हणाला, "बे खाजा, पोरगी चालली साता समुद्रापार. घरात तुझ्याशी भांडायला कुणी राहणार न्हाई. ह्याच्यात लिहीत जा, न्हाईतर दिवसभर माझं डोकं खाशील." मी म्हणलं, तुझ्या डोक्यात खाण्यासारखं हाय काय.

पण बसलो लिहायला. घरात आमची बोली दखनी, हात मात्र मराठीलाच सरावलेला. मला उर्दू वाचता येत न्हाई, हे माझ्या बायकोच्या, सईदाच्या माहेरच्यांनी जन्मभर ऐकवलं. सईदाला जाऊन दोन वर्षं झाली. एकच लेक, शाईस्ता. डिसेंबरात तिचा निकाह झाला. जावई तौसीफ, त्याचे आईबाप औरंगाबादला, नोकरी शिकागोत. गुरुवारी दोघांचं विमान, औरंगाबादहून दिल्ली, तिथून शिकागो.

घर आत्तापासूनच मोठं वाटायला लागलंय. दोन खोल्यांचं घर ते, त्यात मोठं व्हायला हाय काय!

७ जानेवारी

इमाम जामिन शिवला. प्रवासाला निघालेल्या माणसाच्या दंडाला हिरव्या कापडात रुपया शिवून बांधायचा. सुखरूप पोचल्यावर तो उसवून तिथल्या एखाद्या गरिबाला द्यायचा. रुपया दिला की प्रवास संपला. तोवर माणूस इमामाच्या हवाली, वाटेवरच. मोहल्ल्यातले नवशिके हल्ली म्हणतात, हे धर्मात न्हाई, करू नये. नसंल. सईदा करायची, म्हणून मी करतो. मी हैदराबादला सामान आणायला निघालो तरी बांधायची, आणि मी स्टेशनाबाहेर पाय ठेवल्या ठेवल्या फकिराला देऊन मोकळा व्हायचो.

हे काम बाईमाणसाचं. आई न्हाई तर खाला, फुपी, म्हणजे मावशी-आत्या. आमच्यात कुणी उरलं न्हाई, मग बसलो मीच. सईदाच्या हिरव्या ओढणीचा तुकडा काढला. घरातला दोरा कच्चा वाटला, म्हणून शेजारच्या सीट-कव्हरवाल्याकडून ट्रॅक्टरची सीट शिवायचा दोरा मागून आणला. बारा हजार किलोमीटर जायचंय, वाटेत उसवला तर? दाभणानं शिवला. शाईस्ता हसून हसून बेजार. "अब्बा, हा इमाम जामिन हाय का बैलाचा पट्टा?"

म्हणलं, हसू नको. पोचल्यावरच उसवायचा. आणि पेटीबिटीत टाकायचा न्हाई, माणसाच्या हातावर ठेवायचा.

१० जानेवारी

काल औरंगाबादला विमानतळावर सोडून आलो. आपल्याला आत सोडत न्हाईत. काचेतून दिसत होती. तपासणीवाल्या बाईनं तिच्या दंडावरचा फुगवटा दाबून काहीतरी विचारलं, शाईस्तानं काहीतरी सांगितलं, बाई हसली. मग पोरगी पुढं गेली. मागं वळून बघितलं न्हाई. बरंच झालं, मी तेव्हा रुमालात नाक शिंकरत होतो.

आज दुकानात बसून मोबाईलवर विमान बघितलं. शाईस्तानंच टाकून दिलंय ते. पिवळं विमान नकाशावर मुंगीसारखं सरकतं. दुकानात टायर कंपनीचा जगाचा नकाशा हाय, त्याच्यावर मी आधीच पट्टी ठेवून दिल्ली ते शिकागो रेघ मारून ठेवलती. अरबस्तान, आफ्रिकेचा माथा, समुद्र, शिकागो. आणि विमान बघतो तर सरळ वर! रशियाकडं, बर्फात. ओरडलो, "त्रिंबक, विमान रस्ता चुकलं!"

त्रिंबक चपला न घालता पळत आला. बघितलं, आणि बाहेरच्या फळाच्या गाड्यावरची मोसंबी उचलली. तिच्यावर बॉलपेननं दोन टिंबं काढली. माझ्या सीटच्या दोऱ्याचा उरलेला तुकडा दोन्ही टिंबांवर ताणून धरला. दोरा आपसूक देठाकडं सरकला. "पृथ्वी गोल हाय बे. तुझा नकाशा चपटा. जवळची वाट डोक्यावरून जाते." अकरावीत दोनदा नापास झालेला माणूस मला भूगोल शिकवतोय! मग मोसंबी सोलली आणि दिल्लीकडची अर्धी मला दिली. आंबट होती.

संध्याकाळी सातच्या सुमाराला विमान टेकलं. दिल्लीपासून सोळा तास. तेवढ्यात आपली एसटी नागपूरला जाऊन चहा पिऊन निम्मी परत येते. शाईस्ताचा फोन आला. "उतरले अब्बा. लई थंडी हाय."

"रुपया दिला का?"

"आत्ता तर उतरले. उद्या देते."

घरी येऊन भाकरी टाकली. सवयीनं दोन झाल्या. एक कुत्र्याला घातली.

२६ जानेवारी

रुपया दिलेला न्हाई. म्हणते, बाहेर गुडघाभर बर्फ हाय, रस्त्यावर माणूसच दिसत न्हाई, देऊ कुणाला. हे पटण्यासारखं हाय. पण इतके दिवस? तौसीफ म्हणाला, "मामू, इथल्या मशिदीच्या पेटीत टाकू." आमच्यात जावई सासऱ्याला मामू म्हणतो. मी न्हाई म्हणलं. पेटीला दुवा देता येते का?

माझा नेम झालाय. सकाळी दुकान उघडलं की दिल्लीहून शिकागोला चाललेलं विमान एकदा बघायचं. आता त्याच्यात माझं कुणी न्हाई. तरी बघतो. ते बर्फावर पोचलं की मी जेवायला बसतो.

१४ फेब्रुवारी

शाईस्ताचा फोन आला, एकटीच होती. तळघरात कपडे धुवायच्या यंत्रापाशी बसलती. तौसीफ कामावर. मागं यंत्र घरघरत होतं. मधीच तिचा हुंदका ऐकू आला. मी विचारलं, पैसाअडका, खाणंपिणं, काही कमी हाय का? न्हाई म्हणाली. तौसीफ नीट वागतो का? चांगला हाय म्हणाली. मग कावून रडायलीस? तर म्हणाली, "अब्बा, तुमचा दोरा निघत न्हाई."

आता घ्या! चूक माझीच. दाभणानं शिवायची काय गरज होती? मी तिला बैजवार सांगितलं: मधल्या टाक्यात खिळा घाल, उचल, आणि कटिंग पक्कडनं तोड. ती म्हणाली, पक्कड न्हाई. म्हणलं, शिकागोएवढ्या गावात एक पक्कड मिळत न्हाई? त्यावर ती हसली आणि फोन ठेवला. हसली म्हणजे बरं वाटलं असणार.

त्रिंबकला सांगितलं, पक्कड पार्सलनं पाठवायची हाय. तो माझ्याकडं बघत राहिला. म्हणाला, "खाजा, तू रेडिएटरच दुरुस्त कर." ह्याचा अर्थ काय ते काही सांगितलं न्हाई.

१० मार्च

मजेची गोष्ट. तिकडं सरकारनं सगळ्यांची घड्याळं एक तास पुढं करायला लावली. त्यामुळं आपल्यात आणि त्यांच्यात साडेअकरा तासांचं अंतर होतं, ते साडेदहा झालं. बसल्या जागी पोरगी तासभर जवळ आली. दुकानात सगळ्यांना चहा पाजला. कावून पाजला, ते कुणाला समजलं न्हाई.

१८ एप्रिल

"अब्बा, तुम्ही नाना होणार."

हातातला पाना पायावर पडला. अंगठा सुजलाय, तरी लंगडत जाऊन मोहल्लाभर पेढे वाटले. सईदाच्या कबरीवर जाऊन सांगून आलो. नोव्हेंबरात बाळंतपण. मी शाईस्ताला म्हणलं, पहिलं बाळंतपण माहेरीच, हे तुला सांगायला नको. आई नसली तरी माहेर हाय. बाप अजून जिता हाय. ती लगेच हो म्हणाली. "येणारच अब्बा. ऑगस्टात येते. मला तुमच्या हातची पिठलं-भाकरी खायचीय." तिच्या आवाजात जोर होता. मग म्हणाली, "त्या रुपयाचं आता राहू द्या. मी तर परतच यायलेय."

खरंच की. येणारच हाय तर उसवायचा कशाला.

२६ एप्रिल

पाकिस्तानावरून जायची वाट बंद झाली. पिवळं विमान आता खालून वळसा घालून जातं, मधी एका गावी तेल भरायला थांबतं. सोळाचे वीसेक तास झाले. बीड बीडच्या जागी, शिकागो शिकागोच्या जागी, आणि अंतर वाढलं. त्रिंबकच्या मोसंबीत हे बसत न्हाई.

दुकानात रेडिओ लागलता. एक गिऱ्हाईक बातमी ऐकता ऐकता माझ्याकडं बघायला लागलं, जशी काय वाट मीच बंद केली. मी म्हणलं, "दादा, माझी पोटुशी लेक त्या विमानानं यायचीय. माझ्याएवढी ती वाट उघडायची घाई कुणाला न्हाई." तो मान खाली घालून गेला. त्रिंबकनं त्याच्या मागं दोन शिव्या हासडल्या.

१५ जून

बायनाबाईला सांगून आलो. निम्म्या गावाची पोरं तिच्या पायावर न्हालेली हायेत, शाईस्तासुद्धा. म्हणलं, ऑक्टोबरपासून कुणाचं काम धरू नको. ती म्हणाली, "खाजाभाऊ, आधी लेक तर येऊ द्या. बाजारात तुरी अन् तुम्ही इथं भांडी घासायले."

"येणार म्हणलीय."

"म्हणलीय ना, मग येईल." असं म्हणून तिनं तंबाखू मळायला घेतला.

सईदाच्या मऊ सुती साड्या पेटीत होत्या. बायनाबाईनं फाडून दुपटी शिवून दिली. निळं, जांभळं, एक पांढऱ्या ठिपक्यांचं. खोलीला चुना मारला. दाराची कडी वाजायची, तिला तेल घातलं. बाळ झोपेतून दचकायला नको.

शाईस्ताला सगळं फोनवर दाखवलं. ती दुपट्यांकडं बघतच राहिली. "अम्मीची जांभळी," एवढंच म्हणाली.

२० जुलै

फोन कमी यायलेत. पोरगी गाडी चालवायला शिकली, माशाल्ला! तिच्या बिल्डिंगीत हैदराबादची एक बाई भेटलीय, दोघी मिळून भाजी आणायला जातात. आज मी फोन केला तर बाजारात होती, मागं बायकांचा गलका चाललता. म्हणाली, "अब्बा, घरी गेल्यावर बोलते." मी येड्यासारखा खूश झालो. वाटलं, घरी म्हणजे इकडं. तिकीट काढलं का विचारणार तेवढ्यात फोन ठेवला.

तिकिटाचं विचारलं की दर वेळी डॉक्टरीणबाईची तारीख, तौसीफची सुट्टी. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. गडबडीत असते बिचारी.

१० ऑगस्ट

येत न्हाई.

सकाळी फोन आला. दोघं शेजारी बसलती. "अब्बा, रागावू नका." मी म्हणलं, विमानवाले सातव्या महिन्यापर्यंत बसू देतात, मी विचारून ठेवलंय, अजून दिवस हायेत. ती म्हणाली, तसं न्हाई. इथून बाहेर पडलं की परत शिरायला पासपोर्टवर नवा शिक्का लागतो. त्याची तारीखच मिळेना झालीय. लोकं बायकापोरांना सोडून इकडं-तिकडं अडकलीत. "मी बाळाला घेऊन तिथं अडकून पडले तर, अब्बा?"

"आपल्या घरी माणूस अडकतं का गं?" मी म्हणलं.

तौसीफ मधी बोलला, "मामू, माझीबी इच्छा होती…" त्याचं मी ऐकून घेतलं न्हाई. तोंडात आलं ते बोललो. मग राहा तिकडंच, म्हणलं. तो रुपयाबी तिकडंच कुजू दे, म्हणलं. आणि फोन ठेवला.

बोलायला नको होतं. पण मला लई लागलं. चुना मारलेली खोली उघडीच होती, तिला कुलूप घातलं.

१९ ऑगस्ट

तिचा फोन न्हाई. मीबी केला न्हाई. त्रिंबक म्हणाला, "बाप कोण, तू का ती? कर की बे फोन." मी म्हणलं, तू तुझ्या बॅटऱ्या चार्ज कर.

दुपारभर एकबी गिऱ्हाईक न्हाई. आता मी उलटं विमान बघतो, शिकागोहून दिल्लीला येणारं. ते आपल्याकडं येताना दिसलं की जीव जरा थाऱ्यावर येतो. सकाळपासून आज तोंडातून शब्द निघाला तो फक्त "कॅप बंद करा", तोबी रेडिएटर भरून घेणाऱ्या ट्रकवाल्याला.

९ सप्टेंबर

फोन आला. "अब्बा, जेवलात का?"

"जेवलो. तू?"

"जेवले."

एवढंच. मागचं तिनं काढलं न्हाई, मीबी न्हाई. पण भाकरी गोड लागली.

१२ ऑक्टोबर

आज बराच वेळ बोलली. भीती वाटतेय म्हणाली. "अब्बा, मी झाले तेव्हा काय झालतं, सांगा ना. अम्मीनं कधी नीट सांगितलं न्हाई." आता हे बापानं सांगायचं असतं का? पण सांगणारं दुसरं हाय कोण. म्हणलं, सरकारी दवाखान्यात मी बाहेर उभा. नर्सबाईनं गरम पाणी आणायला सांगितलं. मी धावत दुकानातून रेडिएटरात ओतायच्या कूलंटच्या डब्यात पाणी आणलं, हिरवंगार. नर्सबाईनं डबा माझ्याच पायावर ओतला. आणि आतून तुझी अम्मी कळा देता देता ओरडली, "त्या माणसाला घरी पाठवा!" शाईस्ता इतकी हसली की मग रडायलाच लागली.

रडता रडता म्हणाली, "तुम्हीच या ना अब्बा."

मी म्हणलं, दुकान कोण बघणार. खोटं बोललो. पासपोर्ट हाय माझ्याकडं, सईदाबरोबर हजला जायचं म्हणून काढलेला. ती गेली, तो पेटीत कोराच पडलाय. खरं सांगायचं तर मला त्या विमानाची भीती वाटते, वीस तास खाली जमीन न्हाई. आणि दुसरी गोष्ट कुणाला सांगण्यासारखी न्हाई, म्हणून इथं लिहितो. निघताना माझ्या दंडाला इमाम जामिन बांधायला घरात हाय कोण? स्वतःचा स्वतः बांधायचा नसतो.

३ नोव्हेंबर

तिकडं घड्याळं पुन्हा तासभर मागं केली. पोरगी तासभर लांब गेली. चहा एकट्यानंच घेतला.

४ नोव्हेंबर

मुलगी झाली! दोघी बऱ्या हायेत. अल्लाचे लाख लाख उपकार. तौसीफनं फोटो पाठवला, लालभडक तोंड, मुठी आवळलेल्या, कुणाशी तरी भांडायच्या तयारीत. त्रिंबक म्हणाला, "नाकावर राग हाय, तुझीच नात." आणि त्यानं पेढे आणले, मला खर्च करू दिला न्हाई. बायनाबाईला सांगायला गेलो तर तिनं इथूनच दोन्ही हातांनी दृष्ट काढून बोटं मोडली. म्हणाली, तिथं कोण न्हाऊ घालतं हो लेकराला? मला ठाऊक न्हाई, म्हणलं. नळाखाली धरत असतील.

नाव अजून ठरलं न्हाई. माझ्या मनात एक होतं. सांगितलं न्हाई.

७ नोव्हेंबर

आज शाईस्तानं आपण होऊन फोन केला. दवाखान्यातून घरी आलेली. आवाज दमलेला, पण असा आवाज मी तिचा वर्षभरात ऐकला नव्हता. म्हणाली, "अब्बा, रुपया दिला."

मी हातातला पाना खाली ठेवला.

"दवाखान्यातून निघालो. बाळ माझ्याजवळ, तौसीफ गाडी चालवत होता. सिग्नलला एक म्हातारा पुठ्ठ्याची पाटी धरून उभा असतो, मी रोज बघते त्याला. आज त्याला बघितलं अन् म्हणलं, थांबव. पर्समधून तुमचा इमाम जामिन काढला, उसवला, रुपया त्याच्या हातावर ठेवला. वर इथल्या नोटाबी दिल्या. त्यानं रुपया उलटासुलटा करून बघितला, विचारलं, कुठला? मी सांगितलं, माझ्या अब्बाच्या गावचा."

"उसवला कसा? पक्कड होती का?"

"पक्कड कशाला? एक टोक धरून ओढलं. एका ओढीत निघाला अब्बा." मग हळूच म्हणाली, "पहिल्या दिवशीबी निघाला असता. मीच ओढला न्हाई. वाटायचं, हा दिला की संपलं, मग मी इथलीच. आज बाळाला घेऊन घराचं दार उघडलं, अन् वाटलं, आता पोचले."

मी म्हणलं, "मुबारक बेटा. लई लांबचा प्रवास झाला." बरोबर तेच म्हणलं, आवाजबी हलू दिला न्हाई. फोन ठेवला आणि दुकानाचं शटर अर्धं ओढून आत बसून राहिलो. ज्या विमानाला सोळा तास लागले, त्याच्यातून माझ्या पोरीला उतरायला दहा महिने लागले, आणि मी येडा पक्कड शोधत बसलो. ती सुखी हाय. माझं गाऱ्हाणं काय हाय मग? काही न्हाई. फक्त इतके महिने मला वाटत होतं, ती अजून वाटेवर हाय. वाटेवरचं माणूस मागंबी फिरू शकतं.

१० नोव्हेंबर

शिरूर कासारकडचा ऊसतोड्यांचा ट्रक दुकानासमोर बंद पडला, रेडिएटर फुटलेलं. कर्नाटकात कारखान्यावर चाललेत. भांडीकुंडी, कोंबड्या, सरपण, सगळा संसार वर. रेडिएटर उतरवून कथलाचे टाके लावेपर्यंत बायामाणसं दुकानाच्या सावलीला बसली. एक सून गाठोड्याला टेकून बसलती, दिवस भरत आलेले. मी सासूला विचारलं, "पहिलं का?"

"पहिलंच."

"मग माहेरी न्हाई पाठवली?"

"माहेरचे आमच्याआधीच उसाच्या फडावर गेलेत, बाबा. तिच्या माहेराला कुलूप हाय. जिथं पाचटाची कोपी पडंल तिथं घर."

सुनेनं मान वर करून माझ्याकडं बघितलं, मग पदरानं तोंड पुसलं. मला राहवलं न्हाई. घरी गेलो, खोलीचं कुलूप काढलं, दुपट्यांचं गाठोडं आणून तिच्या पुढ्यात ठेवलं. निळं, ठिपक्यांचं, सगळी. जांभळं तेवढं ठेवून घेतलं. तिनं एक दुपटं गालाला लावून बघितलं आणि हसली. सासू म्हणाली, "तुमच्या घरी लागायची असतील की." म्हणलं, माझी नात पोचली तिच्या घरी, तिला भरपूर हायेत.

संध्याकाळी ट्रक गेला. त्या पोरीनं वरून हात केला, मीबी केला.

१३ नोव्हेंबर

सईदाच्या ओढणीचा तुकडा उरलता. रुपया घेतला आणि शिवला, त्याच सीटच्या दोऱ्यानं. स्वतःचा स्वतः बांधायचा नसतो, तरी दंडाला बांधायला गेलो. एका हातानं गाठ बसत न्हाई. दातानं टोक धरून बघितलं, दोनदा खाली पडला. जांभळ्या दुपट्यात गुंडाळून दुकानात घेऊन गेलो.

त्रिंबक बॅटरीत पाणी भरत होता. त्याच्यापुढं बाही वर केली आणि तुकडा त्याच्या हातात दिला. त्यानं बघितलं. सईदा मला हे बांधायची ते त्यानं बघितलेलं हाय, त्याला सांगावं लागलं न्हाई.

"कुठं निघाला बे?"

"अजून कुठंच न्हाई. शिक्क्याचा अर्ज टाकायचाय. वर्षसुद्धा लागेल म्हणतात."

"मग आत्तापासून कावून बांधतो?"

"वाट लांब हाय."

त्यानं हात धोतराला पुसले. दोरा दंडाभोवती फिरवला, पहिली गाठ मारली आणि थांबला. खाली बघूनच म्हणाला, "घट्ट बांधू का?"

"बांध की चांगला घट्ट," मी म्हणलं. "पोचल्यावर एका ओढीत निघतंय."